बटणे, जुनी धातूची
बटणे, जुनी धातूची : वस्त्राच्या दोन कडा जुळवून ठेवणारी ही लहान वस्तू ऐतिहासिक पुरावा म्हणून महत्त्वाची ठरते, ती मुख्यतः गणवेशामुळे. महाराष्ट्रात अंगरखा, बाराबंदी इ. कपडे बंदांनी बांधीत किंवा कापडी गुंडी बिरड्यात अडकवीत. कापड व दोरा मातीत कुजत असल्याने त्यांचा माग राहत नाही. कोकणीतील ‘बुतांव’ व बंगालीतील ‘बोताम’ हे शब्द पोर्तुगीजांकडून आले. सोलापूरसारख्या ठिकाणी जमिनीतून निघणारे चिन्हांकित धातूचे बटण पलटण, पोलीस वा रेल्वे यांपैकी एखाद्या खात्याचे असण्याचा संभव अधिक. मे १८१८ मध्ये जनरल टॉमस मन्रो याने पेशव्यांच्या फौजेचा येथे पराभव करून भुईकोट किल्ला घेतला. पुढील छावणीची आठवण सदर बझार, लष्कर या वस्त्यांच्या नावांत टिकून आहे.

कालनिर्णयास बटणाची मागील बाजू पुढील बाजूइतकीच, किंबहुना अधिक, उपयुक्त असते. सपाट एकसंध चकती व तिला डाख लावून जोडलेली तारेची कडी ही घडण सामान्यतः अठराव्या शतकाची अखेर व एकोणिसाव्याचा प्रारंभ दर्शविते. दोन पत्रे दाबून जोडलेले पोकळ बटण त्यानंतरचे. मुलाम्याच्या प्रतीविषयी इंग्लंडमध्ये १७९६ साली कायदा झाला होता. मागे कारखानदाराचे नाव व पत्ता असेल, तर व्यापारी निर्देशिकांवरून काळ बराच आखडता येतो. ब्रिटिश पायदळात १७६७ पासून बटणांवर रेजिमेंटचा क्रमांक येऊ लागला. साध्या शिपायाची बटणे कथलाच्या मिश्रधातूची असत. १८५५ पासून ती पितळी झाली आणि १८७१ मध्ये क्रमांकाच्या जागी राजचिन्ह आले. अधिकाऱ्यांच्या बटणांना हे नियम तसेच लागू पडत नाहीत.

चिन्हांचा पुरावा अधिक ठळक असतो. मुकुट धरलेला उभा सिंह हे ईस्ट इंडिया कंपनीचे चिन्ह असल्याने तसे बटण १८५८ पूर्वीचे मानावे. ब्रिटिश राजचिन्हाच्या मध्यभागी लहान ढाल असल्यास ते १८०१ ते १८३७ या काळातील. व्हिक्टोरियाच्या काळातील मुकुटाच्या कमानी सामान्यतः मधोमध खचलेल्या, तर १९०१ नंतरच्या गोलाकार दिसतात. २६ जानेवारी १९५० नंतर मुकुटाची जागा अशोकस्तंभावरील सिंहांनी घेतली.

रेल्वेची बटणे सोलापुरात विशेष उद्‌बोधक ठरतात. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे येथे १८६० मध्ये पोहोचली व ५ नोव्हेंबर १९५१ रोजी मध्य रेल्वेत विलीन झाली. पुढे सोलापूर विभाग १९६६ मध्ये दक्षिण मध्य रेल्वेकडे गेला आणि १९७७ मध्ये परत आला. त्यामुळे एकाच स्थानकाच्या आवारात तीन खात्यांची आद्याक्षरे आढळू शकतात.

तथापि घडणीवरून बटण केव्हा तयार झाले एवढेच कळते. ते केव्हा हरवले हे कळत नाही. जुना कोट दुसऱ्याच्या अंगावर जातो, बटणे काढून पुन्हा शिवली जातात. गोलाकार मुकुटाचे पोलिसी बटण हाती येताच ते मे-जून १९३० मधील सोलापूरच्या लष्करी कायद्याच्या दिवसांशी जोडण्याचा मोह स्वाभाविक आहे. त्या घटनाक्रमात चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फाशी झाली. परंतु तोच मुकुट जवळजवळ अर्धशतक प्रचारात होता. त्यावरून १९३० हे साल निघत नाही. खोलीवर विसंबणेही धोक्याचे. येथील काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते व पावसात फुगते. भेगेत पडलेली अलीकडची वस्तू जुन्या थराच्या खाली जाऊन बसते.

धातुशोधक यंत्राने शोध घेऊन वस्तू उपटून काढल्यास सोबतचा थर व शेजारच्या वस्तू यांचा संबंध कायमचा तुटतो. १९५८ च्या कायद्यानुसार संरक्षित क्षेत्रात परवान्याशिवाय उत्खनन करता येत नाही. सोलापूरचा किल्ला अशा स्मारकांत मोडतो. दहा रुपयांहून अधिक किमतीचे भूमिगत द्रव्य सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळविण्याचे बंधन १८७८ च्या कायद्याने घातले आहे. शेतात नांगरताना वा पाया खणताना बटण मिळाल्यास जागा व खोली टिपून ठेवावी. चिंच किंवा लिंबू लावून ते घासू नये. मुलामा व मागील अक्षरे त्यानेच प्रथम नाहीशी होतात.