वाट करून देणारी

माझे आजोबा दार-ए-सलामला एका व्यापारी पेढीत हिशेबनीस होते. त्यांच्या आफ्रिकेच्या गोष्टींत सिंह-हत्ती क्वचितच यायचे. यायची ती माणसं. त्यांत फ्रेनी जिनवाला हे नाव हमखास असे. आजोबा त्यांना ‘फ्रेनीबाई’ म्हणत.

गोष्ट सुरू व्हायची १९६० पासून. २१ मार्चला दक्षिण आफ्रिकेतल्या शार्पव्हिलमध्ये पोलिसांनी जमावावर गोळ्या झाडल्या. ६९ माणसं मेली. वर्णद्वेषाविरुद्ध लढणाऱ्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसवर बंदीची कुऱ्हाड कोसळणार हे दिसत होतं. परदेशातून लढा चालू राहावा म्हणून काँग्रेसचे नेते ऑलिव्हर टांबो आठवड्याभरातच सीमेपार गेले. त्यांच्या पुढच्या प्रवासाची तजवीज करणाऱ्यांत जोहान्सबर्गला जन्मलेली ही पारशी तरुणी होती. टांबोंसाठी तिने भारताकडून प्रवासाचे कागद मिळवले. हे सांगताना आजोबांचा आवाज चढायचा. भारताने वर्णद्वेष्ट्या सरकारशी व्यापार १९४६ सालीच तोडला होता, आणि आजोबांच्या पासपोर्टवरही दक्षिण आफ्रिकेला जायची मनाई छापलेली होती.

मग फ्रेनीबाईंनाही देश परका झाला. आसरा देणाऱ्या दार-ए-सलाममधूनही १९६३ मध्ये त्यांची हकालपट्टी झाली. पुढे टांझानियाचे अध्यक्ष न्येरेरे यांनीच त्यांना परत बोलावलं आणि १९७० मध्ये सरकारजमा झालेल्या ‘द स्टँडर्ड’ या वृत्तपत्राचं संपादकपद दिलं. कचेरीत सकाळी त्या अंकावरून वाद रंगत, असं आजोबा सांगत. वर्षभराने सुदानमधल्या फाशीच्या शिक्षांवर कडक अग्रलेख आला आणि त्यांचं पद गेलं. “खुर्चीसाठी लेखणी आवरली नाही बाईंनी,” आजोबा म्हणायचे.

१९९० मध्ये काँग्रेसवरची बंदी उठली आणि तीस वर्षांच्या वनवासानंतर त्या मायदेशी परतल्या. आल्या आल्या त्यांनी हाती घेतलं ते स्त्रियांना एकत्र आणण्याचं काम. काल एकमेकांच्या विरोधात उभ्या असलेल्या पक्षांच्या स्त्रिया एका आघाडीत आल्या, गावोगावच्या बायकांना त्यांच्या मागण्या विचारल्या गेल्या आणि त्यांतून हक्कांची सनद तयार झाली. टांबो मात्र एप्रिल १९९३ मध्ये गेले. सर्वांच्या मतदानाचा दिवस वर्षभरावर आला होता.

९ मे १९९४ रोजी केपटाउनच्या नव्या संसदेने फ्रेनीबाईंना सभापती निवडलं. त्याच दिवशी मंडेलांची राष्ट्राध्यक्षपदी निवड झाली. पूर्वी त्या सभागृहात स्त्रिया जेमतेम तीन टक्के होत्या, आता चौथा हिस्सा त्यांचा होता. साडी नेसून फ्रेनीबाई दहा वर्षं त्या आसनावर बसल्या. ज्यांच्या राजवटीने त्यांना देशाबाहेर ठेवलं, त्यांनाही बोलायची संधी देणं आता त्यांचं कर्तव्य होतं.

जानेवारी २०२३ मध्ये, नव्वदीत, त्या गेल्या. आजोबांच्या गोष्टींतून मला उमगलं ते हे, की वनवासाची वर्षं त्यांच्या कारकिर्दीतून वजा करता येत नाहीत. कुणाला सीमेपार जायला कागद, कुणाला वृत्तपत्रात जागा, कुणाला सनदेत शब्द मिळवून देता देताच त्या सभापती घडल्या. सूड घ्यायचा हक्क असताना सर्वांना बोलू देणारी माणसं लोकशाहीला लागतात, आणि दक्षिण आफ्रिकेला ती ऐन वेळी मिळाली.