बक्षिसी नव्हे, कमाई

ग्रॅच्युइटी या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ बक्षिसी. सरकारी मराठीत तिला 'उपदान' म्हणतात, म्हणजे तिथंही दान आलंच. या दोन्ही शब्दांत मला एक जुना काळ दिसतो. दीर्घ सेवेबद्दल मालकानं खुशीनं काही द्यावं आणि कामगारानं हात जोडून घ्यावं, असा तो काळ.

मुंबईच्या गिरण्यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास बोनस सुरू केला आणि १९२३ सालचा नाकारला. १९२४ च्या आरंभी मोठा संप झाला. चौकशी समितीनं मात्र सांगितलं, की बोनसवर कामगारांचा कायदेशीर हक्क नाही. ग्रॅच्युइटीबाबत हा विचार बदलला तो स्वातंत्र्यानंतर. ही रक्कम मेहेरबानी नसून केलेल्या सेवेचा मोबदला आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९६१ मध्ये म्हटलं.

याच सुमारास आपली उद्योगनगरी आकार घेत होती. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, साठच्या दशकात बजाज आणि टेल्को आल्या. सातारा-सोलापूरकडून आलेली तरुण मुलं यंत्रांपुढे उभी राहिली. त्यांची उमेदीची वर्षं चालू असतानाच, १९७२ साली, ग्रॅच्युइटीचा कायदा देशभर लागू झाला. सलग पाच वर्षं नोकरी झाली, की निवृत्त होताना किंवा नोकरी सोडताना दर वर्षामागे पंधरा दिवसांचं वेतन मिळू लागलं.

हिशेब सोपा आहे. महिन्याचे दिवस २६ धरायचे. हिशेबाचं वेतन २६,००० रुपये असेल तर वर्षाला १५,००० आणि तीस वर्षांचे साडेचार लाख. निवृत्तीच्या दिवशी शाल, श्रीफळ, घड्याळ मिळतं, त्याचं मोल मी कमी मानत नाही. पण ते देणं मालकाच्या मनावर असतं, हे पैसे नसतात.

आज चाकणच्या कारखान्यांत खरा प्रश्न आहे तो पाच वर्षं पूर्ण होण्याचा. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनं मुदतीच्या करारावरील कामगाराला एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटी देऊ केली आहे. मात्र कंत्राटदारामार्फत आलेल्यांना पाच वर्षांचीच अट राहते. म्हणून तरुण मित्रांना माझं एवढंच सांगणं आहे : आपलं नेमणूकपत्र नीट वाचा आणि जपून ठेवा. सेवा किती झाली हे सिद्ध करता आलं, तरच ती कमाई आपल्या हाती पडते.