विद्यार्थी-शिष्यवृत्ती आणि व्यावसायिक संघटनेचे उत्तरदायित्व : अमेरिकन मानसशास्त्र संघटनेचा अनुभव

प्रस्तावना

शिष्यवृत्ती म्हणजे गरजू विद्यार्थ्यास केलेले अर्थसाहाय्य, असा अर्थ सामान्यतः घेतला जातो. परंतु एखाद्या ज्ञानशाखेची व्यावसायिक संघटना शिष्यवृत्ती देऊ लागते, तेव्हा त्या शाखेत कोणास प्रवेश मिळावा आणि कोणाचे प्रश्न अभ्यासविषय व्हावेत, हेही काही अंशी ठरत असते. १८९२ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन मानसशास्त्र संघटनेने १९७४ मध्ये अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी अधिछात्रवृत्ती उपक्रम सुरू केला. त्यामागील घडामोडींचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

पार्श्वभूमी

फ्रान्सिस सम्नर यांनी १९२० मध्ये क्लार्क विद्यापीठातून मानसशास्त्रातील डॉक्टरेट मिळविली. हा मान मिळविणारे ते पहिले आफ्रिकन-अमेरिकन होत. पुढे १९२८ पासून त्यांनी हॉवर्ड विद्यापीठातील मानसशास्त्र विभागाची धुरा वाहिली. याच विद्यापीठात केनेथ क्लार्क व मेमी फिप्स क्लार्क हे दांपत्य घडले. मेमी क्लार्क यांना शिष्यवृत्तीमुळेच हॉवर्डला शिकता आले. पुढील संशोधनास रोझेनवाल्ड निधीच्या अधिछात्रवृत्तीचे साहाय्य लाभले. दोघांनीही कोलंबिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. केनेथ यांनी १९४० मध्ये, तर मेमी यांनी १९४३ मध्ये. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर याच विद्यापीठात दाखल झाले होते, हे मराठी वाचकास ज्ञात आहेच.

कृष्णवर्णीय बालकांच्या आत्मप्रतिमेविषयी क्लार्क दांपत्याने केलेल्या बाहुल्यांच्या प्रयोगांचा आधार शालेय वर्णविभाजनाविरुद्धच्या खटल्यात घेतला गेला. १९५४ च्या ‘ब्राऊन’ निकालाच्या तळटीपेत सर्वोच्च न्यायालयाने केनेथ क्लार्क यांच्या लेखनाचा निर्देश केला. शिष्यवृत्तीचे फलित केवळ एका पदवीपुरते मर्यादित राहत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

तथापि अशी उदाहरणे विरळच होती. १९२० ते १९६६ या कालखंडात सर्वाधिक प्रतिष्ठित १० विभागांनी मानसशास्त्रात ३,७०० हून अधिक डॉक्टरेट पदव्या प्रदान केल्या. त्यांपैकी कृष्णवर्णीयांच्या वाट्यास केवळ ८ आल्या.

मागणी आणि प्रतिसाद

१९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील अधिवेशनप्रसंगी कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञांनी स्वतंत्र संघटना स्थापन केली व आपल्या मागण्या मूळ संघटनेपुढे मांडल्या. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची अत्यल्प संख्या ही त्यांतील एक प्रमुख तक्रार होती. १९६९ च्या वॉशिंग्टन अधिवेशनात अध्यक्ष जॉर्ज मिलर यांच्या भाषणाच्या वेळी विद्यार्थी थेट व्यासपीठावर आले. मानवकल्याणासाठी मानसशास्त्राचा उपयोग, हा त्या भाषणाचा विषय होता. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची व अध्यापकांची भरती आणि अर्थसाहाय्य यांची मागणी विद्यार्थ्यांनी केली. त्यानंतर १९७०-७१ मध्ये केनेथ क्लार्क हे संघटनेचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष झाले.

या पार्श्वभूमीवर १९७४ मध्ये अधिछात्रवृत्ती उपक्रम अस्तित्वात आला. डाल्मस टेलर हे त्याचे पहिले संचालक होते. कृष्णवर्णीयांबरोबरच अन्य वांशिक अल्पसंख्याक समूहांनाही त्यात स्थान होते.

उपक्रमाचे स्वरूप

या उपक्रमासाठी आरंभी निधी दिला तो शासनाच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने. निवड व मार्गदर्शनाची जबाबदारी संघटनेने स्वीकारली. या रचनेचा लाभ असा की, विद्यार्थ्यास पैशाबरोबर व्यवसायातील ज्येष्ठांचा परिचय व आधारही मिळाला. प्रथमच उच्च शिक्षणात पाऊल ठेवणाऱ्या कुटुंबातील विद्यार्थ्यास या परिचयाचे मोल रकमेहून कमी नसते. मर्यादाही उघड आहे. शासकीय निधीवर विसंबलेला उपक्रम शासनाच्या धोरणबदलांपासून अलिप्त राहू शकत नाही. शिवाय शिष्यवृत्ती विद्यार्थ्यास विभागाच्या दारापर्यंत नेते. आतील वातावरण व अभ्यासक्रम बदलण्याचे काम त्या विभागातील अध्यापकांचेच असते.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, संघटनेने हा उपक्रम आपणहून सुरू केला नाही. वगळल्या गेलेल्यांनी आकडे पुढे ठेवले, सभेत प्रश्न विचारले आणि त्यानंतरच मार्ग खुला झाला. आपल्याकडेही विविध विषयांच्या अध्यापक परिषदा वर्षानुवर्षे अधिवेशने भरवितात. आपल्या विषयात संशोधनापर्यंत कोण पोहोचते, कोण मध्येच गळते आणि त्याची नोंद परिषद ठेवते काय, हे प्रश्न सभासद या नात्याने प्राध्यापकांनी विचारावयास हवेत. अशी नोंद नसेल, तर शिष्यवृत्तीची घोषणा चांगल्या हेतूने केली तरी ती योग्य विद्यार्थ्यापर्यंत पोहोचेलच, याची शाश्वती देता येत नाही.