चंद्रपूरच्या उन्हातून एव्हरेस्टच्या बर्फावर: नऊ महिन्यांच्या सरावाची गोष्ट

मी बल्लारपूरहून बोलतोय. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा इथे लिहून देतोय.

आजचा विषय आहे बर्फ. हसू नका. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांवर जातो, इथे बर्फ म्हणजे रसवंतीतल्या उसाच्या रसात पडतो तेवढाच. पण याच जिल्ह्यातल्या आश्रमशाळांमधली पाच मुलं २०१८ च्या मे महिन्यात एव्हरेस्टच्या माथ्यावर उभी होती. मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कवीदास काटमोडे आणि विकास सोयाम. ही बातमी तुम्ही ऐकलीच असेल. मला आज माथ्यावरच्या त्या फोटोच्या आधीचे महिने सांगायचे आहेत, कारण खरा इतिहास तिथे घडला.

आधी जरा लांब जाऊन येऊ, नॉर्वे-फिनलंडकडे. तिथे क्रॉस-कंट्री स्कीइंग हा घरोघरचा खेळ आहे. पायाला लांब, अरुंद पट्ट्या बांधायच्या, हातात दोन काठ्या घ्यायच्या आणि बर्फावरून चढ-उतार करत किलोमीटरच्या किलोमीटर जायचं. तिथली शाळकरी पोरं यात शर्यती खेळतात. मोसमाच्या पहिल्या शर्यती नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये असतात. पण तयारी सुरू होते मे-जूनमध्ये, म्हणजे बर्फ वितळून गेल्यावर! शाळा सुटली की पळणं, टेकड्या चढणं, आणि चाकं लावलेल्या स्की पायात घालून डांबरी रस्त्यावर सराव. यातला बहुतेक वेळ ते अगदी सावकाश, गप्पा मारता येतील अशा वेगाने घालवतात. हृदय आणि फुप्फुसं अशा संथ, लांब सरावानेच तयार होतात. थोडक्यात काय, तर बर्फावरचा खेळाडू बर्फ नसतानाच घडतो.

आपल्या देशाचंच बघा. फेब्रुवारी २०१८ मध्ये दक्षिण कोरियातल्या प्योंगचांगला हिवाळी ऑलिंपिक झालं. तिथे क्रॉस-कंट्री स्कीइंगच्या १५ किलोमीटर शर्यतीत भारताचा एकच खेळाडू होता, जगदीश सिंह, आपल्या सैन्यातला. तो १०३ वा आला. ज्या देशात हा सराव बहुतेक सैनिकांनाच मिळतो, तिथून एक जण तिथवर पोचला हेसुद्धा लहान नाही. आणि त्याच महिन्यांत आपल्या जिल्ह्यातली पोट्टी एव्हरेस्टची तयारी करत होती.

ही कल्पना आली कुठून? एक धागा शेजारी सापडतो. निजामाबाद जिल्ह्यातल्या पाकाला गावची मालावत पूर्णा, समाजकल्याण निवासी शाळेतली मुलगी, २५ मे २०१४ ला एव्हरेस्टवर पोचली. तेव्हा तिला चौदावं वर्षही पूर्ण झालं नव्हतं. सोबत आनंद कुमार नावाचा मुलगा होता. तेलंगण राज्य अस्तित्वात यायला तेव्हा आठ दिवस बाकी होते. पूर्णाची सुरुवात झाली हैदराबादजवळच्या भोंगीरच्या कातळावर. गरीब घरची, सरकारी निवासी शाळेत शिकणारी मुलं नीट शिकवलं तर तिथवर जाऊ शकतात, हे तिने दाखवून दिलं होतं.

मग आपल्याकडे जिल्हा प्रशासन आणि आदिवासी विकास विभागाने ‘मिशन शौर्य’ हाती घेतलं. बोर्डा, देवाडा, जिवती अशा ठिकाणच्या आश्रमशाळांमधून मुलं निवडली गेली. ऑगस्ट २०१७ मध्ये प्रशिक्षण सुरू झालं. ऑगस्ट ते मे, म्हणजे मोजून नऊ महिने. ठिकाणांचा क्रम बघा: वर्धा, हैदराबाद, दार्जिलिंग, लेह-लडाख.

हा क्रम समजून घेण्यासारखा आहे. वर्धा आपल्यासारखंच सपाट आणि उष्ण. तिथे शरीराचा पाया घालता येतो: पळणं, दम, शिस्त. हैदराबादकडे मोठमोठे कातळ आहेत. दोर कसा बांधायचा, हात-पाय कुठे रोवायचे, पडलो तर दोराने कसं धरायचं, हे शिकायला बर्फ लागत नाही. दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट आहे. तेनझिंग आणि हिलरी २९ मे १९५३ ला एव्हरेस्टवर पोचले आणि पुढच्याच वर्षी ही संस्था निघाली. तिथल्या क्षेत्रीय प्रशिक्षणाचे पहिले प्रमुख स्वतः तेनझिंग नोर्गे होते. आणि शेवटी लडाख. लेह शहरच सुमारे ३,५०० मीटरवर आहे. चंद्रपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम १९० मीटरवर. आता करा हिशोब!

उंचीवर नेमकं होतं काय? हवेतला प्राणवायूचा टक्का तोच राहतो, पण हवेचा दाब उतरतो. एव्हरेस्टच्या माथ्यावर, ८,८४८ मीटरवर, तो समुद्रसपाटीच्या साधारण एक तृतीयांश असतो. म्हणजे एका श्वासात आपल्याला इथे जेवढा प्राणवायू मिळतो त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढाच तिथे मिळतो. शरीर हळूहळू जुळवून घेतं. श्वास वाढतो, रक्तातल्या तांबड्या पेशी वाढतात. पण त्याला आठवडे लागतात. म्हणून गिर्यारोहक वर चढतात, पुन्हा खाली येऊन झोपतात, पुन्हा चढतात. घाई केली तर मेंदूत किंवा फुप्फुसात पाणी भरतं आणि माणूस जातो. ८,००० मीटरच्या वर तर शरीर जुळवून घेणं सोडूनच देतं, तिथे फक्त लवकर परतायचं असतं.

आता मला जे खटकतं ते सांगतो. ही मुलं परत आल्यावर कौतुकात एक वाक्य सारखं कानावर यायचं: ‘जंगलातली पोरं ना, काटकच असतात!’ म्हणणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण यात नऊ महिन्यांची मेहनत पुसली जाते. शेर्पा आणि तिबेटी लोकांच्या शरीरात हजारो वर्षं उंचीवर राहिल्यामुळे आनुवंशिक बदल झालेले आहेत, हे शास्त्रज्ञांनी दाखवलं आहे. आपल्या गोंड-कोलाम गावांमधल्या मुलांकडे असं काही नव्हतं. जिवतीचा माणिकगड डोंगर कितीही चढला तरी त्याने ८,००० मीटरची सवय होत नाही. उंचीच्या बाबतीत ही मुलं नागपूर-पुण्याच्या मुलांच्याच रेषेवरून निघाली होती. त्यांना वर नेलं ते शिकण्याने आणि सरावाने. त्यांना काटक म्हणा, पण आधी शिकलेले म्हणा.

आणि शाळा? आश्रमशाळेत घर आणि शाळा एकच. पहाटे उठणं, प्रार्थना, जेवण, वर्ग, खेळ, झोप, सगळं एकाच आवारात. गावापासून लांब राहण्याची सवय या मुलांना लहानपणीच लागते. या शाळांच्या बातम्या आपण बहुतेक वेळा वाईटच वाचतो. त्याच व्यवस्थेतून ही मुलं निघाली हे विसरू नका. ज्या मुलांबद्दल लोक ‘दहावी पास झाले तरी पुष्कळ’ म्हणतात, त्यांच्यावर कोणीतरी नऊ महिने वेळ आणि पैसा घातला. इतिहासात हे फार कमी वेळा झालंय. महाराष्ट्रातलं गिर्यारोहण वाढलं ते सह्याद्रीच्या आसऱ्याने, पुण्या-मुंबईच्या क्लबांमधून. २०१२ मध्ये पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’चे आठ जण एव्हरेस्टवर पोचले, ती मोठी कामगिरी होती. पण त्या नकाशात चंद्रपूर-गडचिरोली कुठेच नव्हतं.

आणखी एक गोष्ट. मोहिमेवर दहा जण गेले होते, माथ्यावर पाच पोचले. उरलेल्या पाच जणांची नावं तुम्हाला माहीत आहेत? बहुतेकांना नसतात. पण सराव त्यांनीही तेवढाच केला होता. डोंगरावर मागे फिरणं हाही एक निर्णय असतो, आणि जिवंत परतणं ही पहिली कमाई. २७ मे २०१८ ला पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये माथ्यावर पोचलेल्या पाच मुलांची नावं घेतली. राज्य सरकारने त्यांना प्रत्येकी २५ लाख रुपये जाहीर केले. चांगलंच झालं. पुढच्या वर्षी, २०१९ मध्ये, राज्यभरातल्या आश्रमशाळांच्या मुलांना घेऊन दुसरी मोहीमही झाली.

पण माझा प्रश्न पुढचा आहे. मोहीम एकदा होते, बातमी होते, संपते. नॉर्वेतल्या पोराला दर वर्षी नवा मोसम मिळतो. यंदा शेवटून दुसरा आला तरी पुढच्या वर्षी पुन्हा उभं राहता येतं. तिथे दहा वर्षांचं पोरगंही शर्यतीत असतं, म्हणून वीस वर्षांनी त्यातलं एखादं जगज्जेतं होतं. आपल्याकडे निवड झाली तर एव्हरेस्ट, नाही झाली तर काहीच नाही, असं असून कसं चालेल?

सोयी अगदीच नाहीत असं नाही. आपल्या बल्लारपूरजवळ विसापूरला मोठं क्रीडा संकुल उभं राहिलंय. डिसेंबर २०२३ मध्ये तिथे राष्ट्रीय शालेय अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा झाल्या, देशभरातली मुलं आपल्या मातीत पळून गेली. पण जिवतीच्या पोरीला रोज विसापूरला येता येत नाही. तिला हवं तिच्या शाळेजवळ मैदान, एक शिक्षक, पोटभर सकस जेवण, आणि दर वर्षी एक ठरलेली शर्यत.

आपला मोसमही पावसाळ्यातच सुरू होतो. तालुका पातळीच्या शालेय स्पर्धा आल्या की एक दिवस काढून बघायला जा. चिखलात, साध्या बुटांत, कधी अनवाणी पळणारी पोरं दिसतील. कोणी फोटो काढत नसतं. तुम्ही काढा, आणि शेवटच्या पोराचं नावही विचारून घ्या.

तुमच्या तालुक्यातल्या अशा एखाद्या खेळाडूची गोष्ट माहीत असेल तर मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, वाचत राहा. जोहार!