ऐयावोळेचे पांचशें स्वामी

दक्षिणेंतील एखाद्या शिलालेखाचें वाचन होऊन राजवंश व तिथि यांचा निर्णय लागला, म्हणजे संशोधकाचें बहुधा समाधान होतें. लेख कोणीं कोरविला व कोणत्या अधिकारानें कोरविला, हा प्रश्न मागें राहतो. ज्या व्यापारी संघाचा विचार आम्हीं येथें योजिला आहे, त्याचा परिचय मराठी वाचकांस अल्प आहे, यास हेंच कारण असावें. कानडी लेखांत या संघाचें नांव ‘ऐनूर्वर स्वामिगळ्’, म्हणजे पांचशें स्वामी, असें येतें. हा संघ म्हणजे समाईक भांडवलाची एक थोर पेढी, कीं अनेक स्वतंत्र व्यापाऱ्यांच्या वतीनें बोलणारी सभा, हा मुख्य प्रश्न होय. आमच्या मतें दुसरा पक्षच ग्राह्य आहे. व त्यास तीन शिळांचा आधार आहे.

ऐयावोळे म्हणजे बागलकोट जिल्ह्यांतील आजचें ऐहोळे. तेथील पांचशें महाजनांचा निर्देश आठव्या-नवव्या शतकांपासून सांपडतो. पुढें ‘पांचशें’ ही संख्या न राहतां पदवी झाली. शिकारपूर येथील शके ९७६ (इ. स. १०५४) च्या कानडी लेखांत या व्यापाऱ्यांची प्रशस्ति राजप्रशस्तीच्या थाटानें दिली आहे. चेर, चोल, पांड्य, मगध, सौराष्ट्र, पारस, नेपाळ इत्यादि देशीं ते स्थलमार्गानें व जलमार्गानें जातात. हत्ती, घोडे, रत्नें, वेलदोडे, लवंग, चंदन, कापूर व कस्तुरी विकतात. कोणी घाऊक विक्री करतो, तर कोणी खांद्यावर ओझें घेऊन हिंडतो. एकाच पेढीचें हें वर्णन असूं शकत नाहीं. सर्वांस बांधणारें सूत्र एकच, तें ‘वीरबणंजुधर्म’. म्हणजे संघाचे नियम व मर्यादा.

दुसरी शिळा समुद्रापलीकडील आहे. सुमात्रा बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, कापराबद्दल विख्यात अशा बारूस बंदराजवळ, लोबू तुआ येथें एक तामिळ लेख १८७३ मध्यें उजेडांत आला. नीळकंठ शास्त्री यांनीं १९३२ मध्यें त्याचें विवेचन केलें. काळ शके १०१० (इ. स. १०८८). यांत पांचशें स्वामी प्रथमपुरुषीं बोलतात. आपण सभा भरवून निर्णय केला कीं, गलबताच्या नाखव्यानें कस्तुरीच्या भावाशीं निगडित अशी पट्टी सोन्यांत भरावी व मगच पुढें पाऊल टाकावें, असा त्याचा आशय आहे. संघाच्या नगरसेनापतीचाही त्यांत उल्लेख आहे. चोल राजाचें नांव मात्र नाहीं. परक्या बंदरांत राजमुद्रेवांचून सभा भरते, पट्टी ठरते व शिळा उभी राहते, हें लक्षांत घेण्याजोगें आहे.

तिसरी शिळा घरची, कोल्हापूरची. शिलाहार गंडरादित्याच्या काळच्या शके १०५८ च्या या कानडी लेखांत, सामंत निंबदेवानें पेठेंत बांधविलेल्या पार्श्वनाथ-जिनालयास वीरबणंजु व्यापाऱ्यांनीं मालावरील पट्टी अर्पण केल्याचें नमूद आहे. कोल्हापूर, मिरज इत्यादि ठिकाणचे व्यापारी त्यासाठीं एकत्र जमले. राजा विद्यमान असतां आपल्या मालावर आपणच पट्टी बसविण्याचा अधिकार संघाकडे होता, हें यावरून उघड होतें.

सारांश, माल व नफातोटा ज्याचा त्याचा. नांव, मर्यादा, पट्टी व संरक्षण मात्र सर्वांचें. परमुलखांत एकटा व्यापारी उपरा ठरे. संघाच्या नांवानें बोलूं लागला म्हणजे त्याच्या शब्दास वजन येई. आजचें उदाहरण घ्यावयाचें तर १९१९ मध्यें स्थापन झालेलें, पॅरिसस्थित आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळ घ्यावें. तें स्वतः माल विकत नाहीं; देशोदेशींच्या कंपन्यांच्या वतीनें बोलतें, १९३६ पासून व्यापारी संज्ञांचे नियम प्रसिद्ध करतें, व २०१६ मध्यें संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेंत त्यास निरीक्षकाचें स्थान मिळालें. भेद इतकाच कीं, त्याच्यापाशीं सेनापती नाहीं.

आमच्या संग्राहक बंधूंस एक विनंति आहे. ताम्रपट जपला जातो, राजाच्या नांवाची शिळाही जपली जाते. पण जुन्या पेठेंतील, राजनामविरहित, पट्टीची नोंद असलेली शिळा भिंतींत चिणली जाते. अशी शिळा दृष्टीस पडल्यास तिचा ठसा अवश्य घ्यावा. व्यापाऱ्यांनीं स्वतःच्या तोंडानें सांगितलेला इतिहास त्या शिळांवरच आहे.