चित्रपटाचा मूळ पाठ आणि कर्त्याचा अधिकार

लेखनिकांच्या हातून ग्रंथात शिरलेले प्रक्षेप वेगळे काढण्याची पद्धती पाठचिकित्सेत सुप्रतिष्ठित आहे. परंतु पाठ बदलणारा स्वतः कर्ताच असेल, तर पूर्वीच्या पाठाचे काय करावे, हा प्रश्न अधिक बिकट होय. जॉर्ज लूकस यांच्या ‘स्टार वॉर्स’ या अमेरिकन चित्रपटाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

हा चित्रपट २५ मे १९७७ रोजी प्रदर्शित झाला. १९८१ च्या पुनःप्रदर्शनात प्रारंभीच्या मजकुरास भागक्रमांक व उपशीर्षक जोडण्यात आले. १९९७ च्या ‘विशेष आवृत्ती’त मात्र संगणकनिर्मित दृश्ये घालण्यात आली, आणि एका प्रसंगाचा तर अर्थच पालटला. मूळ पाठात हान सोलो हा पानगृहात ग्रीडोस तो वार करण्यापूर्वीच ठार करतो. नव्या पाठात ग्रीडो प्रथम शस्त्र चालवितो. स्वार्थी साहसी पुरुषाच्या पुढील हृदयपरिवर्तनाचे महत्त्व त्यामुळे उणावते. २००४ च्या डीव्हीडीत आणखी बदल झाले. २००६ मध्ये मूळ पाठ मर्यादित काळापुरता विक्रीस आला, तोही १९९३ च्या लेसरडिस्कसाठी केलेल्या प्रतीवरून, केवळ पुरवणी म्हणून. २०११ च्या ब्लू-रे संचात त्यास स्थान मिळाले नाही.

याच लूकस यांनी १९८८ मध्ये कृष्णधवल चित्रपट रंगविण्याच्या प्रथेविरुद्ध अमेरिकन काँग्रेसपुढे साक्ष दिली होती. येथे वरवर दिसणारी विसंगती सर्वस्वी खरी नव्हे. त्या साक्षीचा रोख कर्त्यावाचून इतरांनी केलेल्या बदलांवर होता. आपल्या कृतीत फेरफार करण्याचा कर्त्याचा अधिकार त्यात अबाधितच राहतो. परंतु चित्रपटाचा कर्ता एकटा नसतो. १९७७ च्या या चित्रपटास संकलन व दृश्यपरिणाम यांसाठी ऑस्कर पारितोषिके मिळाली. ज्यांच्या कामावर नवी चित्रे चढविली गेली, तेही त्या पाठाचे कर्तेच होत.

मराठीतील एक उदाहरण येथे उपयुक्त ठरेल. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, आणि पुढे तीच परंपरा रूढ झाली. तरीही राजवाडे यांना १९०९ मध्ये एकनाथपूर्व मानलेली प्रत प्रसिद्ध करता आली, कारण पोथ्या अनेकांच्या घरी विखुरलेल्या होत्या. त्यांवर कोणा एकाची सत्ता नव्हती. चित्रपटाची गोष्ट निराळी. उत्तम प्रती आणि त्या प्रसिद्ध करण्याचा अधिकार हे दोन्ही बहुधा स्वामित्वधारकाच्याच हाती एकवटतात. त्याने मूळ पाठ झाकून ठेवला, तर अभ्यासकाच्या हाती झिजलेल्या फिती आणि जुन्या लेसरडिस्कच तेवढ्या उरतात.

१९८९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत निवडलेल्या पहिल्या पंचवीस कृतींत ‘स्टार वॉर्स’ होता. विशेष आवृत्ती तेव्हा अस्तित्वातच नव्हती. गौरव झाला तो मूळ पाठाचा. सुधारित पाठ हाही इतिहासाचा पुरावाच आहे, आणि तो टाकाऊ ठरविण्याचे कारण नाही. मात्र कर्त्यास नवा पाठ रचण्याचा अधिकार आहे म्हणून जुन्याचा लोप करण्याचाही आहे, असा निष्कर्ष निघत नाही. दोन्ही पाठ सुस्थितीत व सर्वांस सुलभ असणे, हीच पाठभेदांच्या अभ्यासाची पहिली अट होय.