चिंताशामक औषधे : मात्रा व सेवनकाल यांचा इतिहास

अकारण भीती, छातीतील धडधड, सततची अस्वस्थता, निद्रानाश इ. लक्षणे कमी करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या औषधांना चिंताशामक औषधे म्हणतात. त्यांचा इतिहास बहुधा नव्या द्रव्यांच्या शोधांचा म्हणून सांगितला जातो. रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाचा इतिहास निराळा आहे. औषध किती द्यावे, केव्हा द्यावे व कसे थांबवावे, हे जवळजवळ प्रत्येक द्रव्याच्या बाबतीत ते प्रचारात आल्यानंतर बऱ्याच काळाने व रुग्णांना त्रास झाल्यावरच कळले आहे.

मात्रा व काल यांचा विचार भारतीय वैद्यकास नवा नाही. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात औषधसेवनाचे दहा काल दिलेले असून त्यांत उपाशीपोटी, भोजनाच्या आरंभी, मध्ये व अंती, दोन घासांच्या दरम्यान, वारंवार, रात्री निजताना इत्यादींचा समावेश आहे. शार्ङ्गधराने पाचच काल मानले. तेथे काल ठरतो तो दोष व व्याधीचे स्थान यांवरून. द्रव्य शरीरात किती काळ टिकते हे मोजण्याचे साधन त्या काळी कोठेच नव्हते.

ठाण्यातील नौपाडा या भागाचा आधुनिक मानसोपचाराशी संबंध जुना आहे. १९०१ मध्ये सुरू झालेले नरोत्तमदास माधवदास यांच्या नावाचे वेड्यांचे इस्पितळ मुंबई सरकारच्या अहवालांत नौपाड्याच्या नावाने येते. पुढे ते ठाण्याचे मनोरुग्णालय म्हणून इतके सर्वपरिचित झाले की, ‘ठाण्याला पाठविणे’ हा मराठीत वाक्प्रचारच झाला. त्या काळी जगभरच्या अशा संस्थांत शांतक म्हणून पोटॅशियम ब्रोमाइड, क्लोरल हायड्रेट व पॅराल्डिहाइड हीच प्रमुख द्रव्ये वापरली जात. यांपैकी ब्रोमाइडाची कथा उद्‌बोधक आहे. त्याचे अर्धायुष्य (शरीरातील द्रव्य निम्मे होण्यास लागणारा काळ) सुमारे बारा दिवसांचे आहे. त्यामुळे रोज ठराविक मात्रा घेणाऱ्या माणसाच्या शरीरात काही आठवड्यांनी सुमारे सतरा दिवसांच्या मात्रेइतका साठा होतो. मग बरळणे, स्मृतिभ्रंश, झोकांड्या जाणे, अंगावर पुरळ येणे ही लक्षणे दिसू लागतात. मूळ विकारच बळावला असे समजून कित्येकदा मात्रा आणखी वाढविली जाई. १९०३ मध्ये बार्बिटाल आले. त्याच्या वर्गातील औषधे लवकर परिणाम करीत, परंतु उपयुक्त मात्रा व प्राणघातक मात्रा यांत फारसे अंतर नव्हते.

भारतातील पहिले मोठे योगदान सर्पगंधेचे होय. गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये कलकत्त्याहून या मुळीच्या चूर्णाची २० ते ३० ग्रेन (सु. १·३ ते २ ग्रॅ.) मात्रा दिवसातून दोनदा दिल्याने उन्मादातील क्षोभ व रक्तदाब दोन्ही उतरतात, असे प्रसिद्ध केले. मुंबईचे हृद्‌रोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील (१९११–७४) यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील निरीक्षणे १९४९ मध्ये ब्रिटनमधील नियतकालिकात मांडली, तेव्हा पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष तिकडे वळले. १९५७ मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. दरम्यान १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये या मुळीतून रेसर्पीन हे शुद्ध अल्कलॉइड वेगळे केले गेले व मात्रा ग्रॅमांवरून मिलिग्रॅमांवर आली. अचूकता वाढली, पण धोकाही वाढला. रेसर्पिनाचा परिणाम अनेक दिवसांनी दिसतो व औषध बंद केल्यावरही बराच काळ टिकतो. त्यामुळे लवकर गुण येत नाही म्हणून मात्रा वाढविणाऱ्यास तिचा अतिरेक उशिरा समजे. काही रुग्णांना तीव्र औदासीन्य आल्याच्या नोंदी झाल्या (हा संबंध कितपत पक्का आहे याविषयी पुढे मतभेद झाले) आणि मानसोपचारात हे औषध मागे पडले.

त्याची जागा बेंझोडायाझेपीन वर्गाने घेतली. लिओ स्टर्नबाख यांनी शोधलेले क्लोरडायाझेपॉक्साइड १९६० मध्ये, तर डायाझेपाम १९६३ मध्ये बाजारात आले. भारतात रॅनबॅक्सी कंपनीने १९६९ मध्ये डायाझेपाम ‘काम्पोज’ या नावाने आणले व ते व्यापारी नाव मराठी घरांत सामान्यनाम बनले. अपघाती मृत्यूची भीती बार्बिट्युरेटांच्या मानाने पुष्कळच कमी असल्याने या गोळ्या सढळपणे लिहून दिल्या गेल्या. दिवसातून तीनदा एक गोळी, ही प्रथा औषधाच्या गुणधर्मापेक्षा जेवणाच्या वेळांना धरून होती, असेच म्हणावे लागेल. डायाझेपाम मेदात सहज विरघळत असल्याने मेंदूत लवकर पोहोचते, मात्र त्यापासून यकृतात बनणारे क्रियाशील द्रव्य कित्येक दिवस रक्तात राहते. वृद्धांत ही गती आणखी मंद असते. दिवसाची गुंगी, विसराळूपणा व पडून हाड मोडणे हे परिणाम वार्धक्याच्या खाती जमा होत. १९८१ मध्ये आलेल्या अल्प्राझोलामाचे अर्धायुष्य अवघे अकरा-बारा तासांचे आहे. त्याची अडचण उलट आहे : दोन मात्रांच्या मधल्या काळात चिंता उफाळून येते, रुग्ण पुढच्या गोळीसाठी घड्याळाकडे पाहू लागतो, आणि यालाच तो आपला मूळ आजार समजतो.

औषध एकदम थांबविण्याचा धोका फार लवकर दिसला होता. अमेरिकेतील लिओ हॉलिस्टर व सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये क्लोरडायाझेपॉक्साइडाच्या मोठ्या मात्रा (रोज ३०० ते ६०० मिग्रॅ.) काही महिने घेत असलेल्या ११ रुग्णांचे औषध अचानक बंद केले, दहांना निवर्तन लक्षणे झाली व दोघांना झटके आले. औषध सावकाश उतरणारे असल्याने त्रास काही दिवसांनी सुरू झाला. नेहमीच्या लहान मात्रांनीही अवलंबन जडते, हे मान्य होण्यास मात्र आणखी वीस वर्षे गेली. ब्रिटनमधील औषध सुरक्षा समितीने १९८८ मध्ये ही औषधे दोन ते चार आठवड्यांपुरतीच द्यावीत असे सुचविले. न्यूकॅसलच्या हेदर ॲश्टन यांनी अल्पकाल टिकणाऱ्या गोळीऐवजी डायाझेपाम देऊन ते अनेक आठवडे वा महिने थोडेथोडे कमी करण्याची रीत रूढ केली.

यानंतर चिंताविकारांच्या दीर्घ उपचारात सेरोटोनिनावर क्रिया करणारी अवसादरोधी औषधे पुढे आली. येथे वेळेचा प्रश्न पुन्हा बदलतो. गुण येण्यास दोन ते सहा आठवडे लागतात व पहिल्या काही दिवसांत अस्वस्थता वाढूही शकते. म्हणून आरंभ बहुधा निम्म्या मात्रेने करतात. हे आधी न सांगितल्यास रुग्ण आठवड्यातच गोळी सोडतो, तर बरे वाटू लागल्यावर कुटुंबीयच ती बंद करावयास लावतात. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात स्थापन केलेल्या आय. पी. एच. या मानसिक आरोग्य संस्थेचे कार्य नौपाड्यातून चालत आले आहे. औषधांबरोबरच समुपदेशन, स्वमदत गट व मराठीतून लोकशिक्षण यांवर तिचा भर आहे.

एकच मात्रा दोघांना सारखी लागू पडत नाही, याचे एक कारण यकृतातील विकरांच्या आनुवंशिक भेदांत सापडले आहे. सीवायपी २सी१९ हे विकर ज्यांच्यात दुर्बल असते, त्यांच्यात डायाझेपाम व काही अवसादरोधी औषधे अधिक काळ टिकतात. असे लोक यूरोपीयांपेक्षा आशियाई समाजांत अधिक आढळतात. आम्लपित्तावरील ओमेप्राझोल हे औषधही या विकरास अडविते. तरीही नित्याच्या व्यवहारात अल्प मात्रेने आरंभ करून पुढच्या भेटीत झोप, गुंगी व भीती यांविषयी विचारणे, हीच पद्धत चालू आहे.

भारतात डायाझेपाम, अल्प्राझोलाम इ. औषधांचा समावेश २०१३ च्या अधिसूचनेने ‘एच-१’ या परिशिष्टात करण्यात आला; ती मार्च २०१४ पासून अंमलात आली. त्यानुसार औषधविक्रेत्यास चिठ्ठी देणारा डॉक्टर, रुग्ण, औषध व दिलेले प्रमाण यांची स्वतंत्र नोंदवही ठेवावी लागते व ती तीन वर्षे जपावी लागते.